देवमासा

नव्वद किलो. चौघांनी धरून आणला,
बटाट्याच्या गाडीवर घालून,
लष्कर निघून गेलं त्या हिवाळ्यात,
तळावरचं सगळंच वजनावर विकलं जात होतं तेव्हा:
तारा, खाटा, एक लोखंडी जिना.
तालिवाल्दिसने पैसे दिले नाहीत.
भंगारवाल्याला दोन पिंपं धुरी दिलेली मासळी दिली.
माझी.

कोल्काच्या ह्या टोकावर दोन समुद्र एकमेकांवर आपटतात
आणि आमच्या मागच्या खोलीत
तेव्हापासून हा पसरलाय.
नाव बनवणाऱ्यांनीच ठेवलेलं, देवमासा.
मी म्हणते, मासा दिसतोय,
देव कुठाय?

सुरू केला तरी आधी काहीच होत नाही.
मग काचेच्या नळ्यांत जरासं नारिंगी उगवतं,
तापल्या धुळीचा वास सुटतो,
मांजर कुठून तरी येते, वर चढून बसते.
वीस मिनिटं तो एका जागी ठरत नाही.
तोवर तालिवाल्दिसही नाही.
मग इवल्याशा पडद्यावर उजेडाचे आकडे सरकू लागतात,
चाकाला बोट लावलं की ते आपल्या वजनाने फिरत राहतं,
आणि वीजबिलही.

रास्मा रीगाहून आली
तिच्या खिशात अंगठ्याएवढं यंत्र.
लॅपटॉपला खोचलं, आणि पडद्यावर
निळा धबधबा कोसळू लागला.
"सगळं आकाश एकदम दिसतं, आजोबा.
शोधायचं नाही. बोट ठेवायचं."
तिने बोट ठेवलं: कुठलंसं जहाज.
बोट ठेवलं: कुणी हवामान सांगतंय,
धुतलेल्या, इस्त्री केलेल्या आवाजात.
तालिवाल्दिस म्हणाला, छान आहे.
आमच्या घरात ह्याचा अर्थ, विषय संपला.

रात्री अंथरुणात, छताकडे बघत, म्हणाला:
एकोणीस वर्षांचा होतो.
पाच-पाच अक्षरं ऐकायची, लिहायची,
अर्थ लावणारे वेगळे.
पलीकडे एक जण होता. देश माहीत नाही.
त्याचा तिसरा डॅश लंगडायचा.
गुरुवारी दमलेला असायचा, का कोण जाणे.
दोन वर्षं, वेल्टा, रोज रात्री.
तुझ्याआधी मी त्याचाच श्वास ओळखायचो.
मार्चमध्ये एकदा तोच क्रमांक आला,
हात दुसरा.
वहीत रकाना होता, प्रसारकात बदल.
मी लिहिलं, नाही.
लष्कराशी तेवढंच एक खोटं बोललो.

बराच वेळ समुद्रच ऐकू येत होता.

"ते यंत्र आवाज धुऊन देतं," तो म्हणाला,
"लंगडणंही धुऊन जाईल."
रास्मा म्हणते तसं काही नाही,
धुणं बंद करता येतं, एक चौकोन असतो.
मी त्याला सांगितलं नाही.
त्याचा डावा कान गेलाय,
हे तरी तो मला कुठे सांगतो?

यंत्र ती विसरून गेली. म्हणजे ठेवून गेली.
आता जेवणं झाली की मी लॅपटॉपपुढे बसते, विणकाम मांडीवर,
आणि तो देवमाशापुढे.
धबधब्यात केसाएवढी रेघ दिसली की
मी आकडा वाचते.
तो चाक फिरवतो, पुढे जातो,
मागे येतो, पुन्हा पुढे,
अंधारात दाराची कडी चाचपावी तसा.
मी दोनदा म्हणते, तिथेच होतं.
तो हात वर करतो. थांब.
खरखरीच्या तळातून
बारीक, तुटक, काहीतरी वर येतं.

"कसा आहे हात?" मी विचारते.
"पोरगा आहे," तो म्हणतो. "घाई करतो.
पण तिसरा—"
आणि वाक्य तसंच सोडून
उजवा कान जाळीला लावून बसतो.

अकराला मी बटण दाबते.
नारिंगी हळूहळू विझतं,
थंड होणारं लोखंड टकटक करतं,
एकही अक्षर न जुळणारं.
तो तेही ऐकतो.
मांजर ऊब संपेपर्यंत उठत नाही.